न घेतलेली हरकत

फौजदारी खटला चालू असताना आरोपीच्या हक्काला बाध आणणारी गोष्ट घडली, तर तिला हरकत तिथल्या तिथे घ्यावी लागते. बेकायदा पुरावा पुढे आला, साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारा प्रश्न विचारला गेला, दोषारोप चुकीचा ठेवला गेला, की बचावाच्या वकिलाने उठून तसे सांगायचे आणि ते नोंदवून घ्यायला लावायचे. त्या वेळी कोणी उठले नाही, तर वरच्या न्यायालयात तो मुद्दा बहुधा अर्धमेला होऊनच पोचतो. कायद्याच्या पुस्तकात हा प्रक्रियेचा नियम म्हणून येतो, पण त्याच्या तळाशी नीतीचा प्रश्न आहे. न बोलल्याने हक्क जातो का? आणि जात असेल, तर तो कोणाच्या न बोलण्याने जातो?

सत्र न्यायालयातला एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. पंच पिंजऱ्यात उभा आहे. सरकारी वकील त्याला निवेदन पंचनामा दाखवतात. खालची सही आपलीच, असे तो सांगतो. पंचनाम्यात आरोपीच्या तोंडचे निवेदन आहे : आपण अमक्याला कोयत्याने मारले, कोयता कडब्याच्या गंजीत लपवला आहे, चला, काढून देतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. मात्र तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट जोडलेला तेवढाच भाग चालतो. प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही रेघ आखून दिली. म्हणजे कोयता लपवल्याचे आणि काढून देण्याचे शब्द चालतील, मारल्याचे चालणार नाहीत. न्यायाधीश साक्ष सांगत आहेत, टंकलेखकाची बोटे चालली आहेत, आणि पुढच्याच ओळीत त्या सबंध कागदावर निशाणी, म्हणजे पुराव्यातला क्रमांक, पडणार आहे. बचावाच्या वकिलाला जे म्हणायचे ते या अर्ध्या मिनिटात. तो उठला, तर कबुलीचे शब्द बाजूला काढून उरलेला भाग नोंदवला जाईल. तो शेजारच्या कोर्टातल्या दुसऱ्या तारखेच्या चिंतेत असला, तर ती कबुली निशाणी होऊन रेकॉर्डवर बसेल, आणि निकाल लिहिताना न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे असेल.

हरकत वेळेवर घ्यावी या नियमामागे निव्वळ कोर्टाची सोय आहे, असे म्हणणे नियमावर अन्याय करणारे ठरेल. हरकत वेळेवर आली तर चूक जागीच दुरुस्त होते. प्रश्न बदलून विचारता येतो, मूळ कागद मागवता येतो, राहिलेले प्रमाणपत्र आणता येते. अपील सुनावणीला येईपर्यंत वर्षे उलटतात. पंच गाव सोडून गेलेला असतो, तपास अधिकारी निवृत्त झालेला असतो, मुद्देमालाची विल्हेवाट लागलेली असते. दुसरा धोका डावपेचाचा. चूक दिसत असून वकील मुद्दाम गप्प राहिला, निकाल बाजूने लागला तर उत्तम, विरुद्ध लागला तर अपिलात हा हुकमाचा पत्ता, असा हातचा राखायला मुभा दिली तर खटल्याचा जुगार होईल. ज्यांच्या घरातला माणूस मारला गेला, त्यांनी त्याच साक्षीसाठी दुसऱ्यांदा कोर्टाची पायरी का चढावी? वेळेवर बोलणे हे सत्याशी असलेले कर्तव्य आहे, आणि आरोपीची बाजू त्यातून सुटत नाही.

हे कर्तव्य सर्वांत कडक झाले ते अमेरिकेत, आणि त्याचे कारण ज्यूरीत आहे. ज्यूरी दोषी किंवा निर्दोष एवढेच सांगते, कारणे देत नाही. तिच्या मनात वरच्या न्यायालयाला डोकावता येत नाही. तपासता येतात ते न्यायाधीशाने खटल्याच्या ओघात दिलेले निर्णय. हरकतच नसेल तर निर्णय नाही, आणि निर्णय नाही तर तपासायचे काय? या विचाराची मुळे इंग्लंडच्या १२८५ च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्यापर्यंत जातात. न्यायाधीश आक्षेप नोंदवून घेत नसेल, तर पक्षकाराने तो लिहून त्यावर न्यायाधीशाची मोहोर मागावी, अशी सोय त्यात होती. म्हणजे आक्षेपाची नोंद हा मुळात पक्षकाराला दिलेला आधार होता. शतकांच्या ओघात तीच त्याच्यावरची सक्ती झाली. आज अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत हरकत न घेतलेली चूक अपिलात विचारात घ्यायची, तर ती चूक उघड असावी लागते, तिचा निकालावर परिणाम झालेला असावा लागतो, आणि एवढे दाखवूनही तिने न्यायदानाच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो असे न्यायालयाला वाटावे लागते. १९९३ च्या ओलानो खटल्यापासून ही कसोटी पक्की आहे.

भारतात आता ज्यूरी नाही. सत्र न्यायाधीश कारणांसह निकाल लिहितात आणि पहिल्या अपिलात उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने वाचते, म्हणून इथला नियम मवाळ आहे. पण तो आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५११, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६५, सांगते की प्रक्रियेतल्या चुकीने न्यायाची हानी झाली नसेल तर निकाल फिरवू नये. आणि हानी झाली का हे ठरवताना हरकत आधी घेता आली असती का, घ्यायला हवी होती का, हेही पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वेंकटाचल गौंडर खटल्यात पुराव्यावरच्या हरकतींचे दोन वर्ग केले. खटला दिवाणी होता, पण विभागणी फौजदारीतही चालते. पुरावा मुळातच अग्राह्य असेल, तर त्यावर निशाणी पडली तरी आक्षेप अपिलातही घेता येतो. पुरावा ग्राह्य आहे, फक्त तो शाबीत करण्याची रीत चुकली आहे, अशी हरकत मात्र कागद दाखल होतानाच घ्यायला हवी. २०१७ च्या सोनू विरुद्ध हरियाणा या खटल्यात मोबाइलच्या कॉल नोंदी कायद्याने मागितलेल्या प्रमाणपत्राशिवाय दाखल झाल्या होत्या. खालच्या कोर्टात कोणी अडवले नव्हते. अडवले असते तर प्रमाणपत्र आणता आले असते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो आक्षेप अपिलात ऐकला नाही.

ही विभागणी वकिली कामकाजाची वाटली तरी तिच्यात एक तत्त्व आहे. काही नियम पक्षकाराच्या सोयीचे असतात. ते तो सोडू शकतो, आणि गप्प राहिला तर त्याने ते सोडले असे मानता येते. काही नियमांवर न्यायालयाचे न्यायालयपण उभे असते. ते सोडणे कोणाच्याच हाती नाही. पोलिसांपुढच्या कबुलीवरची बंदी एका आरोपीपुरती नाही. कोठडीतल्या मारहाणीचे फळ न्यायालयाच्या ताटात वाढले जाऊ नये, यासाठी ती आहे. आरोपी गप्प बसला म्हणून ते फळ शुद्ध होत नाही. वरच्या प्रसंगातल्या वकिलाचे दुर्लक्ष अपिलात सावरता येते ते यामुळेच, जरी तोवर आरोपीची काही वर्षे तुरुंगात गेलेली असली तरी.

न बोलल्याने हक्क जातो का, हा प्रश्न सुमारे ९०० वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात फार बारकाईने सोडवला गेला. याज्ञवल्क्यस्मृतीत एक नियम आहे : आपली जमीन दुसरा उपभोगत आहे हे डोळ्यांदेखत दिसत असून मालक २० वर्षे बोलला नाही तर त्याची हानी होते, इतर धनासाठी मुदत १० वर्षांची. वरवर पाहता मौनाने हक्क बुडतो असाच हा नियम. या स्मृतीवरच्या मिताक्षरा या टीकेत विज्ञानेश्वर तो तसा मान्य करत नाही. हरकत न घेण्याला त्याचा शब्द आहे अप्रतिषेध. दान दिले किंवा विक्री केली की स्वामित्व सुटते, कारण त्या सोडण्याच्या कृती आहेत. नुसत्या अप्रतिषेधाने स्वामित्व सुटते असे शास्त्रातही आढळत नाही आणि लोकव्यवहारातही, असा त्याचा युक्तिवाद आहे. मग हानी होते कशाची? त्याचे उत्तर आहे, फळाची. एवढी वर्षे अडवले नाही म्हणून त्या वर्षांचे पीक गेले. शेत गेले नाही.

त्याच स्मृतीतला पुढचा श्लोक अपवाद सांगतो, आणि या विषयाच्या दृष्टीने तो जास्त मोलाचा आहे. गहाण, ठेव, शिवेचा वाद, बालकाचे धन, मंदबुद्धी माणसाचे धन, राजाचे, स्त्रीचे आणि वेदाध्ययनात गढलेल्या श्रोत्रियाचे धन : यांना मौनाचा नियम लागू नाही. मिताक्षरा प्रत्येक अपवादामागचे कारण देते. बालक आणि मंदबुद्धी यांना समजच नाही. श्रोत्रिय अध्ययनात बुडालेला. स्त्रीला व्यवहाराची माहिती आणि चारचौघांत बोलण्याची धिटाई नसते, असे विज्ञानेश्वर त्या काळच्या समजुतीप्रमाणे म्हणतो. समजूत जुनी झाली, पण पद्धत जुनी झालेली नाही. मौन दिसले की आधी त्याचे कारण विचारायचे, आणि कारण सापडले तर मौनाला मौन म्हणून मोजायचेच नाही. स्मृतीत याहून पुढचेही एक पाऊल आहे : बळजबरीने किंवा कपटाने घडलेले व्यवहार फिरवावेत, आणि भ्यालेल्या माणसाने केलेला व्यवहार सिद्ध होत नाही. कोठडीतून बेडीसह कोर्टात आणलेला, वकिलाचे नावही धड माहीत नसलेला, इंग्रजीत चाललेले कामकाज न कळणारा आरोपी या यादीत कुठे बसतो, हे सांगायला टीकाकार लागत नाही.

शेत आणि जन्मठेप यांची तुलना सर्वांगाने जुळत नाही, हे खरे. तरी प्रमाणाचा मुद्दा उरतोच. वेळेवर न बोलण्याची काही किंमत असावी. कागदाची मूळ प्रत मागण्याचा हक्क गेला, सूचक प्रश्नावर रुसण्याचा हक्क गेला, हे पीक गेल्यासारखे आहे. माणसाचे स्वातंत्र्य किंवा प्राणच त्या मौनात गेले, तर शेत गेले.

मौन म्हणजे संमती, या वचनाचा खुद्द आरोपीने आधार घेतल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १५३५ साली सर थॉमस मोर याच्यावर इंग्लंडच्या राजाचे धर्मप्रमुखपद नाकारल्याचा आरोप होता, आणि त्या प्रश्नावर तो मुद्दाम काही बोलला नव्हता. मौनाचा अर्थ लावायचाच तर वचनाप्रमाणे तो संमती असा लावा, असे त्याने न्यायासनाला सांगितले. त्याचा शिरच्छेद झाला. आजच्या भारतीय कायद्यात आरोपीचे मौन दोन जागी दोन तऱ्हेने वागवले जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही. गुन्ह्याबद्दल तो गप्प राहिला तर ते गप्प राहणे त्याचे संरक्षण आहे. प्रक्रियेबद्दल गप्प राहिला तर तेच गप्प राहणे त्याच्याविरुद्ध मोजले जाते. माणूस एकच, कोर्ट एकच. पहिल्या मौनात त्याच्यावर सत्तेचा दाब आहे हे कायदा ओळखतो, आणि दुसऱ्या मौनात तो दाब उरला नाही असे धरून चालतो.

हे धरून चालणे किती पोकळ असू शकते, ते डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये एका दाखल्याने दाखवले होते. नागरिक देश सोडून जात नाहीत, म्हणजे राज्याला त्यांची मूक संमती आहे, या मताला त्याचे उत्तर असे : झोपेत जहाजावर चढवलेला माणूस जहाजावर राहिला, म्हणून कप्तानाची सत्ता त्याने मान्य केली असे म्हणायचे का? उतरायचे तर त्याला समुद्रातच उडी घ्यावी लागेल. संमतीला अर्थ येण्यासाठी नकाराची वाट खुली असावी लागते, आणि ती खुली आहे हे माहीत असावे लागते.

फौजदारी खटल्यात अडचण आणखी एका पदराने वाढते. तिथे गप्प राहतो तो बहुधा वकील. शिक्षा भोगतो तो आरोपी. वकीलपत्रावर सही झाली की वकिलाची कृती ती अशिलाची कृती, हे तत्त्व व्यापारातून आले आहे. दलालाने चुकीचा सौदा केला तर धन्याने तोटा सोसावा, यात गैर नाही. धन्याने दलाल निवडलेला असतो, त्याला काढूनही टाकता येते. सरकारी खर्चाने नेमून दिलेला वकील गरीब आरोपीने निवडलेला नसतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर एका पिढीत दोन टोके पाहिली. न्यू यॉर्कमध्ये १९४२ साली नोया नावाच्या माणसाला खुनासाठी जन्मठेप झाली. त्याने अपील केले नाही, कारण फेरखटल्यात मृत्युदंड होण्याची भीती होती. त्याच्या दोन्ही साथीदारांचे कबुलीजबाब बळजबरीने घेतलेले ठरून ते पुढे सुटले. नोयाचाही जबाब तसाच घेतलेला होता, पण मुदत टळून गेली होती. १९६३ मध्ये न्यायालयाने म्हटले की जाणूनबुजून वाट टाळली असेल तरच हक्क गेला असे म्हणता येईल, आणि भीतीपोटी घेतलेला हा निर्णय तसा टाळणे नव्हे. इथे मौनाचे कारण विचारले गेले. १९७७ च्या वेनराइट विरुद्ध साइक्स खटल्यात वारे फिरले. आता हरकत का घेतली नाही याचे सबळ कारण आणि झालेले नुकसान, ही दोन्ही आरोपीनेच दाखवावीत, असे ठरले. आणि १९८६ पर्यंत हेही स्पष्ट झाले की वकिलाला मुद्दा सुचला नाही किंवा लक्षात राहिला नाही, हे सबळ कारण होत नाही.

जॉर्जिया राज्यात या कडकपणाची किंमत त्याआधीच एका माणसाने मोजली होती. जॉन एल्डन स्मिथ आणि रेबेका मॅकेटी यांच्यावर एकाच दुहेरी खुनाचा आरोप होता. १९७५ च्या आरंभी दोघांचे खटले एकाच परगण्यात वेगवेगळे चालले, आणि दोघांना मृत्युदंड झाला. दोन्ही ज्यूरी अशा यादीतून निवडलेल्या होत्या, जिच्यात स्त्रियांचे प्रमाण घटनाबाह्य म्हणण्याइतके कमी होते. मॅकेटीच्या वकिलांनी राज्याच्या न्यायालयात हा मुद्दा उचलला. स्मिथच्या वकिलांनी उचलला नाही; स्त्रियांना ज्यूरीतून वगळण्याविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा नुकताच लागलेला निकाल त्यांना ठाऊक नव्हता. संघीय न्यायालयाने मॅकेटीला नवा खटला दिला, त्यात तिला जन्मठेप झाली. स्मिथचा तोच मुद्दा वेळेवर घेतला नाही म्हणून ऐकलाच गेला नाही, आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी त्याला मृत्युदंड दिला गेला. दोघांच्या वकिलांची अदलाबदल झाली असती तर जगण्यामरण्याची अदलाबदल झाली असती. खून घोर होता, पण शिक्षेतला हा फरक खुनातून आलेला नव्हता. हरकत घेण्याच्या नियमाच्या बाजूने वर जे जे म्हटले, त्यातले काहीही या फरकाचे समर्थन करू शकत नाही : हातचा राखण्याचा डाव इथे नव्हता, अज्ञान होते, आणि तेही दुसऱ्याचे.

महाभारताच्या सभापर्वात हरकत वेळेवर घेतली गेल्याचा प्रसंग आहे. द्रौपदीने भर सभेत प्रश्न टाकला : स्वतःला आधी हरलेला माणूस पत्नीला पणाला लावू शकतो का? मुद्दा कायद्याचा होता, वेळेवर आला होता, योग्य जागी आला होता. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून निर्णय टाळतो, विकर्ण एकटा तिच्या बाजूने बोलतो, बाकी सभा गप्प राहते. तेव्हा विदुर सभेला जे बजावतो ते लक्षात घेण्यासारखे आहे. धर्म जाणणारा जो माणूस सभेत असून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, त्याला खोटे बोलण्याच्या दोषाचा अर्धा वाटा लागतो. हानी सोसणारीच्या मौनाचा इथे प्रश्नच नाही. विदुर हिशेब मागतो तो न्याय करणाऱ्यांच्या मौनाचा.

आधुनिक भारतीय न्यायालयांनी हा हिशेब तुकड्यातुकड्यांनी का होईना, मागायला सुरुवात केली आहे. २००१ च्या बिपिन शांतिलाल पांचाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्ष चालू असताना येणाऱ्या हरकतींसाठी रीत घालून दिली : हरकत नोंदवावी, कागदावर तात्पुरती निशाणी घालावी आणि निकालाच्या वेळी हरकतीचा निर्णय द्यावा. २०२१ मध्ये न्यायालयानेच ही रीत बदलली; तोवर तिने खटले रखडणे थांबत होते. पण निकालात तो निर्णय द्यायचा राहिला, तर घेतलेली हरकतही सभेतल्या प्रश्नासारखी लोंबकळत राहायची. न्यायाधीशाला स्वतःहून कोणत्याही साक्षीदाराला काहीही विचारण्याचा अधिकार कायद्याने पूर्वीपासून दिलेला आहे. वकील उठला नाही तरी निशाणी घालणारा हात न्यायाधीशाचाच असतो.

आरोपपत्र ठरलेल्या मुदतीत, साधारणपणे ६० किंवा ९० दिवसांत, आले नाही तर मिळणाऱ्या जामिनाबद्दल न्यायालयाची भूमिका आधी कडक होती. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातून उद्भवलेल्या संजय दत्त प्रकरणात १९९४ मध्ये घटनापीठाने सांगितले की आरोपपत्र दाखल होण्याआधी जामीन मागितला नसेल तर तो हक्क उरत नाही. २०१७ मध्ये राकेशकुमार पॉल खटल्यात बहुमताने ठरले की तोंडी मागणीही पुरे, आणि हा हक्क उत्पन्न झाला आहे हे आरोपीला सांगणे न्यायालयाचे काम आहे. वकिलाच्या बाबतीत हे त्याआधीच मान्य झाले होते. १९८६ च्या सुखदास विरुद्ध अरुणाचल प्रदेश या खटल्यात आरोपीने मोफत वकील मागितलाच नव्हता. ज्याला हक्क माहीत नाही तो मागणार कसा, असा विचार करून सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने शिक्षा रद्द केली.

अजमल कसाबच्या २०१२ च्या अपिलात हाच मुद्दा पुन्हा आला : कबुलीजबाबाआधी त्याला वकील दिला गेला नव्हता. वकिलाचा हक्क आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात तेव्हाच सुरू होतो, तो त्याला सांगणे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि जो सांगणार नाही त्याच्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकेल, असे न्यायालयाने लिहून ठेवले. न बोलण्याचा दोष पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे न्यायासनावर बसणाऱ्याच्या नावे पडला. त्याच निकालात पुढे असेही आहे की सुरुवातीच्या टप्प्यात वकील मिळाला नाही एवढ्याने खटला बाद होत नाही. वकील नसल्यामुळे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दिसावे लागते.